एअर विंगचं एरोमॉडेलिंग की गावाबाहेरचा आरसी क्लब?

भाचा यंदा बारावी झाला. कॉलेजच्या प्रवेशाबरोबर एनसीसीचा फॉर्म हातात पडला आणि त्याने थेट मला फोन लावला. "आत्या, एअर विंगमध्ये रिमोटची विमानं फुकट उडवायला मिळतात म्हणे. मग क्लबमध्ये पैसे कशाला घालवू?"

मी दोन्हीकडचं पाणी प्यायले आहे. २००७ ते २०१० अशी तीन वर्षं एअर विंगची कॅडेट होते, आणि आता बरीच वर्षं पुण्याबाहेरच्या एका माळावर रविवारी सकाळी विमानं उडवते (आणि पाडते). त्याला फोनवर जे सांगितलं ते अर्धवट होतं, म्हणून इथे नीट लिहिते. त्याच्यासारखे आणखीही कोणी असतील.

आधी एक गैरसमज. एनसीसी म्हणजे लष्कर नाही. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली, १ एप्रिल १९५० ला मुंबई आणि कोलकाता इथे एकेक एअर स्क्वाड्रन काढून एअर विंग सुरू झाली. कारभार संरक्षण मंत्रालयाखाली, युनिटवर हवाई दलाचे अधिकारी आणि शिकवणारा पीआय (पर्मनंट इन्स्ट्रक्टर) स्टाफ, अंगावर हवाई दलाच्या रंगाचा गणवेश. पण कॅडेटवर पुढे नोकरीत जायचं कुठलंही बंधन नाही. एरोमॉडेलिंग हा तिथल्या प्रशिक्षणाचाच भाग आहे: नुसती दिसायला ठेवायची स्टॅटिक मॉडेलं, तारेवर फिरणारी कंट्रोल लाइन, आणि रेडिओवर चालणारी आरसी (रेडिओ कंट्रोल). म्हणजे "मिळतात म्हणे" हे खरंच आहे. किती मिळतात, हा पुढचा प्रश्न.

माझ्या हिशेबाने खरा फरक एकच, बाकीचे सगळे त्याच्या पोटातून निघतात. विमान कोणाचं?

एअर विंगमधलं विमान सरकारचं. ते स्टोअरच्या रजिस्टरवर असतं, त्याच्या ट्रान्समीटरला (हातातल्या रिमोटला) नंबर असतो, बॅटरीला नंबर असतो. आमच्या युनिटला एक सुंदर ट्रेनर (शिकाऊंसाठीचं विमान) होतं, वर पंख असलेलं, पिवळं-निळं. ते काचेच्या कपाटात असायचं. तीन वर्षांत त्याचा ट्रान्समीटर माझ्या हातात आला तो अकरा वेळा. मोजलेत मी. कारण सरळ होतं: स्पर्धा आणि शिबिरं जवळ आली की विमान धड हवं, म्हणून एरवी ते उडवायचंच नाही. एकदा एका मुलाने टेक-ऑफलाच पंख जमिनीला टेकवला. पंखाचं नुकसान तळहाताएवढं, पण पुढचे चार दिवस कोणी उडवत होतं, कोणी परवानगी दिली, वारा किती होता, याचे कागद. त्यानंतर दोन महिने कपाटाला कुलूप. कोणाचाच दोष नव्हता खरं तर. सरकारी वस्तू मोडली की तिचा हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब देण्यापेक्षा न उडवणं सोपं असतं.

क्लबात विमान तुझं. पहिल्याच महिन्यात मी तीन प्रोपेलर, एक लँडिंग गिअर आणि बराचसा अहंकार मोडला. चौथ्या रविवारी विमानाचं बाल्साच्या हलक्या लाकडाचं नाक तुटलं, तर एक सत्तरीचे काका डबा घेऊन आले. फटीत चिमूटभर खायचा सोडा भरला आणि वरून फेविक्विकचे दोन थेंब टाकले. चर्र करून वाफ निघाली आणि जोड क्षणात दगडासारखा झाला. "चल, उडव." वीस मिनिटांत मी परत हवेत. (थर्माकोलच्या विमानावर हा प्रयोग करू नकोस. साधं फेविक्विक थर्माकोल विरघळवतं. तिथे इपॉक्सी लाव आणि गप्प बसून वाट बघ.) विमान उडवायला शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी ते पाडायला शिकणं, आणि पाडायची मुभा क्लबातच असते.

म्हणून नुसतं आरसी उडवायला शिकायचं असेल तर तुलना तिथेच संपली. क्लब.

त्यातला सगळ्यात अवघड धडा कुठल्याही पुस्तकातून अंगात मुरत नाही. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर स्टिक उजवीकडे म्हणजे उजवं वळण. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की सगळं उलटं. मेंदूला हे कळतं, बोटांना कळत नाही, आणि त्या अर्ध्या सेकंदात विमान बाभळीत. काकांनी मला एकच वाक्य शिकवलं: समोर येताना जो पंख खाली गेलाय, त्याच बाजूला स्टिक ढकल, जणू त्याला टेकू देतेयस. मी ते पुटपुटत उडवायचे. दोन ट्रान्समीटर जोडून उस्ताद आणि शिकाऊ एकच विमान चालवतात, तशी बडी केबल आमच्या क्लबात आहे. माझं विमान उलटं झालं की काका बटण सोडून ताबा घ्यायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. हे दर रविवारी, पाच-सहा उड्डाणं. अकरा वेळा तीन वर्षांत, आणि सहा वेळा एका सकाळी.

पण आता एअर विंगच्या बाजूने बोलते, कारण तिथे एक गोष्ट मिळाली जी क्लबात आज जवळपास दिसतच नाही. कंट्रोल लाइन.

यात रेडिओ नसतो. हातात एक हँडल, त्यातून निघणाऱ्या दोन बारीक पोलादी तारा, पंधरा-सोळा मीटरवर विमान. मनगट वर केलं की विमान वर, खाली केलं की खाली, बस्स. बाकी ते तुझ्याभोवती गोल फिरणार आणि तू त्याच्याबरोबर. सोपं वाटतं ना? पहिल्या खेपेला मी सातव्या फेरीला गरगरून बसले. पीआय सरांनी ओरडून सांगितलं, "जमीन मत देखो, जहाज देखो." नजर विमानावर खिळली की चक्कर थांबते, खरंच थांबते. मग दुसरा धडा वाऱ्याचा. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला विमान गेलं की वारा त्याला आत, आपल्याकडे ढकलतो आणि तारा ढिल्या पडतात. तार ढिली म्हणजे ताबा गेला. मग झटकन दोन पावलं मागे सरकून ताण परत आणायचा. ही दोन पावलं पायांत इतकी बसली की आजही आरसी उडवताना वारा अंगावर आला की मी नकळत मागे सरकते, आणि क्लबातले हसतात.

शिवाय इंजिन. आजचे बहुतेक क्लब बॅटरीवर चालतात. प्लग जोडला, उडवलं. आमच्याकडे ग्लो इंजिनं होती. इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि चक्क एरंडेल. ग्लो प्लगला दीड व्होल्टची बॅटरी लावायची, प्रोपेलर काठीने टिचकवायचा (बोटाने नाही, ज्यांनी बोटाने केला त्यांची बोटं मी पाहिली आहेत), इंजिन दोनदा खोकतं, मग किंचाळत सुटतं. नीडल व्हॉल्व्ह अर्धा आटा इकडेतिकडे केला की आवाज बदलतो. तो आवाज ऐकून मिश्रण ओळखायला मी तिथेच शिकले. आणि एरंडेलाचा तो जळका गोडसर वास गणवेशाला दोन धुण्यांनंतरही यायचा. आई म्हणायची, "तुमच्या विमानाला जुलाब देतात की काय?"

हाताने बांधणंही तिथेच. बाल्साची रिब कापायची, सँडपेपरने घासायची, पंख दोन बोटांवर तोलून गुरुत्वमध्य पाहायचा. विमान उडवायला मिळत नव्हतं म्हणून आम्ही बांधत बसायचो, हेही खरं. पण त्यामुळे आज क्लबात कोणाचं विमान उडताना शेपूट टाकतं ते मला लांबून कळतं.

खर्चाचं लांबवत नाही. एअर विंगमध्ये तुझ्या खिशातून काही जात नाही, उलट परेडनंतरचा नाश्ता मिळतो. क्लबात सुरुवातीला ट्रान्समीटर, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), चार सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ११.१ व्होल्टची लायपो बॅटरी आणि चार्जर, असं साधारण दहा-बारा हजारांत बसतं. विमान कोरोप्लास्टचं (पन्हळी प्लास्टिक शीटचं) किंवा फोमचं घरी बनवलंस तर ते जवळजवळ फुकट. ट्रान्समीटर टिकतो, बॅटऱ्या मरतात. लायपो पूर्ण भरून महिनाभर कपाटात ठेवशील तर फुगेल, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची. बाबांना हे वाक्य दाखव, म्हणजे आग लागेल ही भीती थोडी कमी होईल. ती भीती पूर्ण जाऊ देऊ नकोस, त्यांनी चार्जिंगला लक्ष ठेवलेलं बरंच.

जागेचं मात्र नीट ऐक. एअर विंगला जागा आणि परवानगी युनिट बघतं, तुला झेंडा दाखवला की उडवायचं. क्लबात ही जबाबदारी तुझ्यावरही येते. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो असे गट आहेत आणि छंद म्हणून हे दोन्ही उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. पण आकाश मोकळं नाही. सरकारी ड्रोन नकाशातल्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात फक्त २०० फुटांपर्यंत, त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. पुण्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, म्हणजे शहरातल्या मैदानाचा विचारच सोड. मुंबईत तर पोलिसांचे मनाईहुकूम वरचेवर निघतात आणि त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर यांच्याबरोबर रिमोट कंट्रोलवरची विमानंही नावानिशी असतात. म्हणून सगळे क्लब गावाबाहेर. आमचं पहिलं माळरान प्लॉटिंगमध्ये गेलं, दुसऱ्यावर ऊस लागला. पावसाळ्यात काळ्या मातीत मोटारसायकल रुतते, तेव्हा चार महिने घरी बसून सिम्युलेटर.

मुलींसाठी एक जास्तीचं, कोणी लिहीत नाही म्हणून. एनसीसीत मुलींच्या जागा वेगळ्या असतात, शिबिरात राहायची सोय असते, आपण तिथे असणं कोणाला नवल वाटत नाही. माळावर मी बरीच वर्षं एकटीच बाई होते. माणसं चांगली आहेत, पण माळावर बाथरूम नाही. पाच तास.

आता ज्या कारणासाठी खरं तर एअर विंग घ्यावी, ते मॉडेलचं नाहीच. तिथे माणूस बसतो अशा विमानात बसायला मिळतं. माझ्या वेळी झेन एअर मायक्रोलाइट (दोन जणांचं हलकं विमान) होतं, पुढे पिपिस्ट्रेल कंपनीचं 'व्हायरस' नावाचं विमान आलं. तीन वर्षांत मी दोनदाच बसले, थोडी थोडी मिनिटं. पण शेजारच्या अधिकाऱ्याने "कंट्रोल्स तुझ्याकडे" म्हटलं आणि माझ्या हाताखाली ते खरोखर कललं, तेव्हा कंट्रोल लाइनचं मनगट आणि हे मनगट एकच आहे हे कळलं. आणि नोकरीचं दार: एअर विंगच्या 'सी' सर्टिफिकेटवर (एनसीसीची सगळ्यात वरची परीक्षा) हवाई दलात एनसीसी स्पेशल एंट्रीने अर्ज करता येतो, त्याला एएफकॅट ही हवाई दल प्रवेशाची लेखी परीक्षा नसते, थेट निवड मंडळापुढे. पुढचं सगळं, मुलाखत, मेडिकल, इतरांइतकंच कडक. मॉडेल चांगलं उडवतोस म्हणून कोणी गुण देत नाही. पण विमान का उडतं हे विचारलं तर तू पाठ केलेलं उत्तर देणार नाहीस, एवढा फायदा आहे. क्लब यातलं काहीच देत नाही आणि देण्याचा दावाही करत नाही.

दोन्ही कर, असं तुझे बाबा म्हणतील. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अशा वेळी आठवावी. सर्टिफिकेटसाठी परेडची ७५ टक्के हजेरी लागते, वर दहा दिवसांचं शिबिर. आमच्या परेड रविवारी सकाळी असायच्या, आणि क्लबही रविवारी सकाळीच, कारण दहानंतर वारा सुटतो. पहिली तीन वर्षं एअर विंग आणि घरी सिम्युलेटर, मग क्लब, हा क्रम मला जमला. उलटा क्रम जमत नाही, एनसीसीचं वय निघून जातं. माळ कुठे पळून जात नाही. म्हणजे जातो, प्लॉटिंगमध्ये, पण दुसरा सापडतो.

वैमानिक व्हायचं थोडंही मनात असेल तर फॉर्म भर. ते मुळीच नसेल, सकाळी सहाला उठून बूट पॉलिश करायचा कंटाळा असेल आणि फक्त आकाशात काहीतरी फिरवायचं असेल, तर सोमवारी कॉलेजला आणि रविवारी माझ्याबरोबर माळावर ये. जुनं फोमचं ट्रेनर देते, त्याचं नाक सहा वेळा चिकटवलंय, सातव्यांदा तू चिकटव.

आणि फॉर्म भरायच्या आधी कॉलेजच्या एएनओ सरांना (एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना) भेट. आधी विचार की कॉलेजला एअर विंगच आहे ना, कारण बऱ्याच कॉलेजांत फक्त आर्मी विंग असते. मग नम्रपणे दोन प्रश्न: सर, गेल्या वर्षी आरसी मॉडेल किती वेळा उडालं, आणि शेवटची बॅटरी कधी घेतली? भाच्याने काल विचारलं. सर हसले म्हणे, आणि त्याला कपाट दाखवायला घेऊन गेले. काचेमागे एक पिवळं-निळं ट्रेनर होतं.