बाहेरच्या चार्जरवर माणूस हवाच: इलेक्ट्रिक गाडी पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

गाडीचं आधी चार ओळींत संपवते, कारण रेंज, बॅटरी, डिकी हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार. गाडी उत्तम आहे. कोथरूडहून हिंजवडीला रोजचं जाणं-येणं, पौड रोडचे सिग्नल, चांदणी चौकातली संध्याकाळची गर्दी, आणि तरी घरी आल्यावर पाय दुखत नाही, कारण क्लचच नाही. सोसायटीत माझ्या मीटरवरून १५ अँपिअरचा पॉइंट पार्किंगपर्यंत ओढून घेतलाय. रात्री लावायची, सकाळी काढायची. पेट्रोलचा खर्च गेला आणि विजेचं बिल जेवढं वाढलं ते त्यापुढे काहीच नाही. गावातल्या गावात चालवायला घेत असाल तर खुशाल घ्या.

माझी सगळी तक्रार बाहेरगावच्या चार्जिंगची आहे, आणि तीही वेळ लागतो म्हणून नाही. वेळ लागतो हे माहीत असूनच गाडी घेतली. तिथे माणूस नसतो, ही तक्रार आहे.

माझं माहेर कोल्हापूर. एसी लावून, खंबाटकी चढून एका चार्जिंगमध्ये तिथवर जायचा भरवसा मला वाटत नाही, त्यामुळे वाटेत एकदा भरते. फेब्रुवारीत आईला घेऊन पुण्याला येत होते. कराड सोडल्यावर एका हॉटेलच्या मागच्या बाजूच्या चार्जरवर गाडी लावली. दिवेलागणीची वेळ. चार्जिंग अर्ध्यावर असताना वीज गेली. थोड्या वेळानं आली, पण चार्जिंग काही सुरू होईना. ठीक आहे, पुढच्या चार्जरवर भरू म्हटलं, तर गन, म्हणजे गाडीत खुपसलेलं केबलचं टोक, निघेना.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. चार्जिंग चालू असताना गाडीच्या सॉकेटमधून एक खिटी पुढे येते आणि गनला अडकवून ठेवते. एवढ्या दाबाची वीज वाहत असताना कुणी गन ओढू नये म्हणून ती सोय आहे आणि ती योग्यच आहे. माझ्या ॲपमध्ये मात्र सेशन चालूच दिसत होतं. 'थांबवा' दाबलं की नुसतं चक्र फिरायचं. रिमोटनं गाडीची दारं उघडत होती, खिटी हलत नव्हती. हेल्पलाईनवर आधी भाषा निवडा, मग चार्जरचा नंबर सांगा, मग पुन्हा सांगा. "मॅडम, लाल बटण दाबलेलं आहे का बघा, उजवीकडे फिरवून सोडा." सोडलं. "आता बाजूच्या पेटीतला एमसीबी खाली करून वर करा." पेटीला कुलूप. किल्ली कुणाकडे? हे हेल्पलाईनवरच्या मुलीला माहीत नव्हतं, हॉटेलच्या गल्ल्यावर माहीत नव्हतं. हॉटेलवाला म्हणाला, जागा आमची आहे, मशीन कंपनीचं. आई गाडीत बसून, गुडघे आखडलेले, आणि मी मोबाईलच्या उजेडात केबल धरून उभी. शेवटी गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. खिटी हातानं सोडवायची बॉनेटखालची दोरी कुठे असते आणि किती जोरात ओढायची, हे त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा गन सुटली.

चार्जिंगच्या ॲपमधल्या वॉलेटमधून कापलेले पैसे परत मिळायला किती मेल लिहावे लागले ते सांगत बसत नाही. मिळाले, पण वॉलेटमध्येच. म्हणजे पुन्हा त्याच कंपनीकडे खर्च करायचे.

आता पेट्रोल पंप आठवा. नोझल धरायला तिथे माणूस लागतो असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. नोझलच्या टोकाशी बारीक भोक असतं, टाकीतलं पेट्रोल तिथवर चढलं की हवा ओढली जायची थांबते आणि खटका आपोआप पडतो. ते काम यंत्रच करतं. माणूस लागतो तो काही बिघडलं की. पाइप अडकला, पैसे गेले आणि मशीनवर आले नाहीत, झाकण उघडेना, तर समोर कुणीतरी उभं असतं आणि त्याच्यामागे केबिनमध्ये मॅनेजर असतो. शंका आली तर पाच लिटरचं माप मागता येतं. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचीच चूक चालते, तेवढं डोळ्यांदेखत मोजून दाखवावं लागतं. भेसळ तपासायला फिल्टर पेपर मागता येतो, घनता विचारता येते. चार्जरवर मी कुणाला काय मागू?

एवढं लिहून ठेवलं होतं. पण मार्चपासून कामानिमित्त पहाटे नगर रोडला जावं लागलं आणि तिथला एक चार्जर सतत वापरला, तेव्हा दुसरी बाजूही दिसली. पहाटे पाचला जा, कुणाला उठवायला नको, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, "मॅडम, प्रीमियम टाकू का?" नाही. किती युनिट गेली ते दशांशापर्यंत, कधी सुरू, कधी बंद, सगळं बिलात येतं. माणूस असला म्हणजे सचोटी असतेच असंही नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घालून मापात मारणाऱ्या चिप पकडल्या, ते सगळे पंप माणसं असलेलेच होते. तेव्हा सुरळीत चालू असलेला, उजेडातला, गावातला चार्जर असेल तर माझं आपलं आपण भरण्याविरुद्ध काही म्हणणं नाही. उलट आवडतं.

हायवेवर मात्र माझं मत आणखी पक्कं झालं, आणि ते एका माणसामुळे. सुरूरच्या आसपास एका हॉटेलात चार्जर आहे. तिथले वयस्कर वॉचमन गाडी आत वळताना पाहिली की खुर्चीतून उठून येतात. "ताई, डावीकडची नका लावू, ती मधेच सुटते. गाडी जरा मागं घ्या, केबल पुरंल." ती जाड केबल ते आधी खांद्यावर घेतात, म्हणजे वजन गनवर येत नाही, आणि मग गन सरळ आत बसवतात. खट् आवाज येईपर्यंत हात काढत नाहीत. माझ्या मनगटाचं दुखणं जुनं आहे, मला ती केबल एका हातानं झेपत नाही, गन तिरकी बसते आणि एरर येते. इतके महिने मी याला मशीनचा दोष समजत होते, आणि तो आहेच, कारण मनगट दुखणाऱ्या, वय झालेल्या किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाचा विचार करून ते बनवलेलंच नाही. पेटीची किल्ली त्यांच्या खिशात असते. हे काम त्यांना कुणी शिकवलं नाही, आणि कंपनी त्यासाठी काही देत नाही असं त्यांनीच सांगितलं. हे मला फार लागलं. ज्या माणसामुळे ते मशीन चालतं त्याला त्यातला रुपयाही नाही.

आणि स्वतः भरून स्वस्त पडतं का, तर नाही. मी वापरते त्या चार्जरवर १८ ते २४ रुपये युनिट, वर १८ टक्के जीएसटी. गाडी मी लावायची, केबल मी उचलायची, एरर मी वाचायची, फोन मी करायचा, आणि पगार वाचला तो कंपनीचा. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात १९५१ पासून पंपावर स्वतः पेट्रोल भरायला बंदी होती. ती २०२३ मध्ये उठवली, तेव्हा मोठ्या लोकवस्तीच्या भागांत एका पंपावरची निम्म्याहून जास्त मशीन सेल्फ-सर्व्हिस करायची नाहीत आणि दोन्हीकडे दर एकच ठेवायचा, असंही ठरवलं. न्यू जर्सीत तर १९४९ ची बंदी अजून आहे. इतक्या श्रीमंत ठिकाणी माणूस परवडतो आणि पुणे-कोल्हापूर हायवेवर परवडत नाही, हे मला पटत नाही. चोवीस तास नको. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा एक माणूस, त्याला रीतसर पगार, किल्ली आणि जवळच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर, एवढं पुरे.

सुरूरचा दर कराडपेक्षा युनिटला दोन रुपयांनी जास्त आहे. पंचवीस युनिट भरली की पन्नास रुपये. मंडईत पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी मी ते पन्नास रुपये दर खेपेला देते आणि वॉचमनकाकांच्या हातावर वेगळे ठेवते.

तुम्ही बाहेरगावी निघणार असाल तर ॲपमधली 'चार्जर चालू आहे' ही हिरवी खूण बघून निघू नका. आदल्या दिवशी त्या हॉटेलला फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: चार्जरपाशी दिवा आहे का, पेटीची किल्ली कुणाकडे असते, आणि तो माणूस तुम्ही पोचाल तेव्हा तिथे असेल का. आणि गाडी ताब्यात घेतानाच शोरूममध्ये बॉनेट उघडून ती दोरी दाखवायला लावा.