भीमाकाठ की कृष्णाकाठ? चार दिवसांच्या सपाट सायकल सहलीसाठी

पुण्यात सायकल घेतली की माणूस आधी घाट चढतो. सिंहगड, दिवेघाट, फार तर ताम्हिणी. मग एके दिवशी गुडघे म्हणतात, बास. तेव्हा सपाट मुलूख, नदीकाठ, ऊस, देवळं यांची ओढ लागते. चार दिवस मोकळे असतील तर दोन पर्याय समोर येतात. पूर्वेला भीमेच्या काठाने पंढरपूरपर्यंत, किंवा दक्षिणेला कृष्णेच्या काठाने साताऱ्यापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत. मी दोन्ही केलेत, दोन्ही डिसेंबरातच. सायकल तीच, 700 मापाच्या चाकांची, मध्यम टायरची हायब्रिड (डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हींना चालणारी), मागे दोन झोळ्या. त्यामुळे निदान सायकलीचा दोष एका नदीला लागणार नाही.

भीमाकाठाची मोठी गोष्ट म्हणजे घराच्या दारातून निघता येतं. हडपसर मागे टाकलं, सोलापूर रस्ता सोडून थेऊरकडे वळलं की गाडीघोड्याचा आवाज ओसरतो. पुढे राहू बेट, म्हणजे मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधला पट्टा. इथली गुऱ्हाळं सुरू असतात आणि कढईतला गरम गूळ द्रोणात घेऊन खाल्ल्यावर पुढचे वीस किलोमीटर कसे जातात ते कळत नाही. पहिला मुक्काम दौंड. दुसऱ्या दिवशी पेडगावचा बहादूरगड, जिथे 1689 मध्ये संभाजी महाराजांना कैद करून आणलं होतं. तिथलं लक्ष्मी-नारायणाचं जुनं मंदिर बघायला तासभर ठेवाच. मग सिद्धटेक आणि संध्याकाळी भिगवण. तिसऱ्या दिवशी पळसदेव, इंदापूर, नीरा-नरसिंहपूर, जिथे नीरा भीमेला मिळते. चौथ्या दिवशी पंढरपूर. चढ म्हणाल तर पुलांचे.

आणि आकाश! भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यासमोर उभं राहिलं की आपण पुणे जिल्ह्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. सकाळी धुक्यात होडी, पुढे रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा, नाश्त्याला नाही पण दुपारच्या जेवणाला तळलेली चिलापी. शिवाय डिसेंबर-जानेवारीत या बाजूला हुरडा. मला विचाराल तर नुसत्या हुरड्यासाठीसुद्धा भीमाकाठ एकदा करावा.

कृष्णाकाठाचं उलटं. पुण्याहून तिथे सपाट रस्त्याने जाताच येत नाही. कात्रज आणि खंबाटकी, किंवा जेजुरी-नीरा-लोणंदवरून सालप्याचा घाट, यातलं काहीतरी मध्ये येतंच. महामार्गावर ट्रकच्या वाऱ्यात डुलत जायची हौस मला नाही. मी सायकल रेल्वेच्या ब्रेक व्हॅनमध्ये टाकून साताऱ्याला उतरलो. आदल्या दिवशी स्टेशनावर जाऊन चौकशी करून ठेवलेली बरी. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या बाजूला आहे. इतरांना ही गैरसोय वाटते, आपल्याला ती सोय. उतरलं की थोड्याच वेळात कृष्णा-वेण्णेच्या संगमावर चहा.

तिथून रहिमतपूर, मसूर करत कराड. कराडचा प्रीतिसंगम नकाशावर बघून कळत नाही. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच. पुढे रेठरे, मग बहे, जिथे नदीच्या मधोमध बेटावर रामलिंग आहे आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. मसूरलाही एक आहे, म्हणजे दोन वाटेतच झाले. औदुंबरला मुक्काम. पलीकडे भिलवडी, पुणेकरांच्या दृष्टीने चितळ्यांचं मूळ ठिकाण. मग सांगली, 1929 चा आयर्विन पूल, वारणा जिथे मिळते ते हरिपूर, आणि शेवटी वाडी. अंगात जोर उरला तर खिद्रापूरचं कोपेश्वर. परत येताना मिरजेहून गाडी.

खरं सांगायचं तर कृष्णाकाठी कृष्णा फारशी दिसत नाही. डिसेंबरात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती, आणि नदी खोल पात्रात. ती भेटते पुलावर आणि घाटावर. उसाच्या जोड ट्रॉल्यांचा त्रासही याच बाजूला जास्त. ट्रॅक्टरवाला गाणी इतकी मोठी लावतो की त्याला तुमची घंटी ऐकू जाणं शक्य नाही. ट्रॉली दिसली की मी सरळ खाली उतरून उभा राहायचो. दिवसातून दहा-बारा वेळा तरी. आकाशाच्या बाबतीत भीमा जिंकते, यात वाद नको.

मग माझा कौल कशाने फिरला? काट्यांनी.

भीमाकाठच्या दुसऱ्या दिवशी सिद्धटेक सोडून मी भिगवणकडे निघालो होतो. नकाशात एक गावरस्ता पाण्याच्या कडेने छान सरळ जाताना दिसत होता. गेलो. डांबर चांगलं, दोन्हीकडे शाळू. आणि एका वळणानंतर रस्ता शांतपणे पाण्यात गेला. पाटी नाही, कठडा नाही. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, त्यात गावं गेली तसे गावांचे रस्तेही गेले. उन्हाळ्यात पाणी हटलं की ते पुन्हा वर येतात, डिसेंबरात धरण भरलेलं असतं तेव्हा ते रस्ते नसतात. मागे फिरलो असतो तर सहा किलोमीटर पडले असते. मी शहाणपणा केला. काठाकाठाने पायवाट दिसत होती, तिच्यावर सायकल ढकलत निघालो.

ती पायवाट वेड्या बाभळीतून होती. पाण्याच्या कडेची मोकळी जमीन या झाडाला फार मानवते. मेंढपाळ फांद्या तोडतात, शेतकरी त्याच फांद्या ओढत नेऊन कुंपणाला लावतात, आणि ओढताना जे सांडतं ते वाटेवर राहतं. वाळलेला काटा मातीच्या रंगाचा होतो. दोन किलोमीटरनंतर डांबराला लागलो तेव्हा दोन्ही चाकं बसली होती. बसून मोजले, दोन टायरांत मिळून अकरा काटे. त्यात सराटेही होते, ते वेगळे मोजले नाहीत.

अकरा काटे निघतात हो. त्रास असा की काट्याचं टोक टायरच्या आत मोडून बसतं. बाहेरून दिसत नाही, आतून बोट फिरवलं तर लागतं किंवा लागत नाही. ट्यूब ठिगळ लावून भरली, चार किलोमीटरवर पुन्हा बसली. पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा एका फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने टायर उलटा केला, कापसाचा बोळा आतून फिरवला, जिथे कापूस अडकला तिथे पकड लावली, आणि तीन-चार टोकं काढून माझ्या तळहातावर ठेवत म्हणाला, "पाव्हणं, टायरात काटा न्हाय, काट्यात टायर हाय." दुरुस्ती चोख, पण हवा भरता येईना. माझ्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, त्याचा कॉम्प्रेसर मोटरसायकलचा. शेवटी माझ्याच हातपंपाने, आजूबाजूच्या आठ-दहा लोकांच्या सल्ल्याने.

त्या सहलीत एकूण सात पंक्चर. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात पोचलो तेव्हा दर्शनाआधी मी टायर दाबून पाहिला. अशी सवय लागली की सहलीतली मजा निम्मी जाते. समोर रोहित उडत असताना माझं लक्ष मागच्या चाकाकडे, फसफस आवाज येतोय का. मला खटकलं ते हे. पंक्चर काढायला वीस मिनिटं लागतात, पण तो धाक दिवसभर असतो.

कृष्णाकाठी चार दिवसांत एक पंक्चर, तोही सांगलीत, खिळ्याने. यावरून नियम काढू नये, माझं नशीब असू शकेल. पण मला कारणही दिसलं. तिकडे शेतीचं पाणी रस्त्याच्या कडेपर्यंत आहे आणि जिथे पाणी तिथे ऊस, बांधावरसुद्धा कुणी काही ना काही लावलेलं. बाभळीला उभं राहायला जागाच कमी. आणि गावागावाला दगडी घाट. उन्हात दुपारी एकला पायऱ्यांवर सावलीत सायकल टेकवायची, भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत सोडायचं, तास झोपायचं. चाक दाबून बघायचं नाही. एक मात्र, औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत. पाय पाण्यात सोडण्याआधी घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारा, त्या सांगतात कुठे बसायचं.

वाऱ्याबद्दल थोडं. दोन्ही वेळा सकाळचा वारा मला पूर्वेकडून लागला. म्हणजे भीमेला तो तोंडावर, कृष्णेला बाजूने. उलटा अनुभव असलेले लोकही मला भेटलेत, त्यामुळे याला फार वजन देऊ नका. पावसाळ्यात मात्र कृष्णाकाठाचा विचारच नको. आयर्विन पुलाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोक्याची, आणि ऑगस्टमध्ये तिकडच्या गप्पा त्याच आकड्यांवर चालतात. काही घरांच्या भिंतींवर 2019 च्या पाण्याची खूण अजून दिसते, माणसाच्या डोक्याच्या वर.

तुमच्याकडे ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) असेल, किंवा पक्षी बघणं हाच मुख्य हेतू असेल, तर माझं ऐकू नका, भिगवणला जा. घरातून निघून घरातल्यासारखं पोचता, रेल्वेची भानगड नाही. पहिल्यांदाच झोळ्या लावून निघत असाल, सोबत कुणी नवखं असेल आणि साधी ट्यूब असेल, तर मी आपला साताऱ्याचं तिकीट काढा म्हणेन. माझी बायको पहिल्यांदा सोबत आली ती कृष्णाकाठीच, आणि दुसऱ्यांदाही येते म्हणाली.

भीमाकाठ ठरलाच तर काठाची पायवाट कितीही गोड दिसली तरी डांबर सोडू नका, दोन जादा ट्यूब घ्या, प्रेस्टाचं पितळी अडॅप्टर घ्या, ते बोटाच्या पेराएवढं असतं. आणि चिमटा. घरातला भुवयांचा चालतो, फक्त परत आल्यावर पुसून जागेवर ठेवा. मी विसरलो होतो.