ड्रीम अस्क्यू, आठ महिन्यांनंतर: फासे नाहीत, चिंचोके आहेत

पुण्यात दर पंधरवड्याला भरणाऱ्या एका टेबलावर हा खेळ आठ महिने चालला आहे. त्यावरून काय टिकलं आणि काय अडलं, ते इथे लिहीत आहे.

आधी ओळख. एव्हरी ऑल्डर यांचा ‘ड्रीम अस्क्यू’ हा टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा खेळ: व्यवस्था कोसळत असताना एकत्र राहू लागलेल्या क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) माणसांच्या वस्तीची गोष्ट, तीन ते सहा जणांनी मिळून रचायची. गोष्ट आणि जग एकट्याने चालवणारा गेम मास्टर नाही, फासे नाहीत. मूळ धागा ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळाचा, पण प्रकृती फार वेगळी. यात कोसळणं सगळीकडे एकदम येत नाही. पलीकडे शाबूत समाज आहेच, आणि त्याने ज्यांना आधीपासून दाराबाहेर ठेवलं होतं ती माणसं वस्तीत आहेत. हे सुरुवातीलाच सगळ्यांना नीट सांगा. नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात सगळे बंदुका मोजत बसतात.

खेळाचा गाभा टोकनांत आहे (आमच्याकडे टोकन म्हणजे चिंचोका). प्रत्येक भूमिकेच्या तक्त्यावर तीन प्रकारच्या चाली असतात. कमकुवत चाल केली, म्हणजे आपलं पात्र चुकलं, उघडं पडलं किंवा नुसतं दुर्दैवी ठरलं, की एक टोकन मिळतं. साधी चाल फुकट. जोरकस चालीला एक टोकन मोजावं लागतं. म्हणजे आधी पडल्याशिवाय जिंकता येत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या ड्रॅगनवाल्या खेळांवर वाढलेल्या खेळाडूंना हेच जड जातं. ते पात्राला चुकू देत नाहीत, मग तासाभराने जोरकस चाल करायची वेळ येते आणि हात रिकामा. यावर दोन उपाय लागू पडले. पहिल्या तीन प्रसंगांत कमकुवत चाल करताना तिचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि चिंचोका खण्णकन वाटीतून उचलायचा. आवाज ऐकून बाकीच्यांनाही आठवतं. दुसरं, तक्त्यावरचा ‘गळ’ विसरू नका. दुसऱ्या कुणी तुमच्या पात्राशी ठरावीक प्रकारे वागलं की टोकन त्याला मिळतं. ही ओळ नवखे खेळाडू हमखास विसरतात, आणि टोकनांचा निम्मा दुष्काळ तिथूनच येतो. चार जणांना वीस चिंचोके पुरतात. उलटा दोषही दिसतो: एखाद्यासमोर सहा-सात साठलेले, आणि खेळ संपत आलेला. त्याला सरळ विचारा, ‘आता कशासाठी राखतोयस?’

मास्टर नसल्यामुळे जग कोण चालवणार, याचं उत्तर वेगळ्या सहा तक्त्यांत आहे: मानसिक वादळ (मनांवर घोंघावणारी एक गूढ शक्ती), शाबूत समाज, डिजिटल जग, आसपासच्या टोळ्या, टंचाई आणि पृथ्वी. तक्ता ज्याच्या हातात, त्याने जगाची तेवढी बाजू चालवायची. प्रत्येकावर लिहिलेलं आहे की तो कधी उचलायचा आणि कधी दुसऱ्याकडे द्यायचा. तोंडी वाटणी केली तर बोलका माणूस दहा मिनिटांत मास्टर होऊन बसतो. म्हणून तक्ता प्रत्यक्ष हाताने सरकवायचा. अप्पा बळवंत चौकात तक्ते जाड कागदावर छापून लॅमिनेट करून घ्या, साध्या प्रती दोन खेळांत चुरगळतात. टोळ्यांचा तक्ता गरजेपेक्षा जास्त फिरतो, डिजिटल जगाचा धूळ खातो. टोळ्यांचा तक्ता पहिल्या तासात कुणीच उचलायचा नाही, असा घरचा नियम केल्यावर खेळ बराच सुधारला.

टंचाईसाठी पुण्याला बाहेरून काही आणावं लागत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही साखळी तुटली की शहर काय करेल, हा प्रश्न टेबलावर ठेवला की पुरे. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर घरोघरी सांगितला जातो, त्यामुळे धरण फुटणं म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही. वस्ती वेताळ टेकडीच्या खाणीजवळ वसवली तर खाणीतलं पाणी हाच झगडा. पेठांत वसवली तर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेला नळ आणि जुने हौद शोधत फिरणं. टंचाया दोनच निवडा. पाणी आणि हार्मोनच्या गोळ्या ही जोडी सगळ्यात चांगली चालली, कारण एक सगळ्यांची आणि एक काहींचीच. चार टंचाया घेतल्या की रेशन दुकानाची रांग होते, गोष्ट होत नाही.

मानसिक वादळाबाबत सावध राहा. मराठी टेबलावर ते लगेच अंगात येण्यावर घसरतं. ‘टॉर्च’, म्हणजे वस्तीच्या आध्यात्मिक नेत्याची भूमिका, असेल तर हमखास. जोगते, यल्लमा, हिजड्यांमधलं गुरू-चेला नातं हे सगळं जिवंत आहे, नाटकाची झालर नव्हे. त्यातलं काही घ्यायचं तर टेबलावर त्याची खरी माहिती असलेलं कुणीतरी हवं.

आता पुस्तकात नसलेली अडचण. इंग्रजीत ‘मी’ला लिंग चिकटत नाही. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’, पहिल्याच वाक्यात निकाल. आणि तक्त्यावर तर लिंग म्हणून नेहमीच्या दोनांपलीकडचे शब्द निवडायचे असतात! टिकलेल्या युक्त्या अशा. भूतकाळात सकर्मक क्रियापदं वापरा: ‘मी हंडा भरला’, ‘मी दार उघडलं’. क्रियापद कर्मामागे जातं, बोलणारं पात्र झाकलेलं राहतं. पण बोलणे, विसरणे, शिकणे ही दगा देतात (‘मी विसरलो’), तिथे ‘माझ्या लक्षात राहिलं नाही’ म्हणा. येण्याजाण्याला ‘मला जावं लागलं’. भविष्यकाळ, ‘मी जाईन’, बिनधोक. वर्तमानात ‘आम्ही जातो’ चालतं, आणि कोल्हापूरकडच्या मुली ‘मी येतो’ म्हणतातच की. दुसऱ्याच्या पात्राबद्दल बोलताना ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ सुरक्षित. ‘ते आलं’ हे लहान मुलाला किंवा जनावराला लावतात, म्हणून खेळाडूने स्वतः मागितलं तरच. हे सगळं दुसऱ्या खेळापर्यंत जिभेवर बसतं. पहिल्या खेळात मात्र दर वाक्याला अडखळायला होतं आणि हसू येतं. येऊ द्या.

जागेचं बघा. कॅफेत शेजारच्या टेबलाला सगळं ऐकू जातं, आणि तुमच्या टेबलावर घरी न सांगितलेलं कुणीतरी असू शकतं. कुणाचं तरी घर बरं. फोटो काढायचा नाही, हे आधीच ठरवा. मध्ये काट्याची खूण केलेलं एक कार्ड ठेवा. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

वेळ: मांडणीलाच तासभर जातो, तो वाचवू नका. डाव्या-उजव्या शेजाऱ्याला विचारायच्या प्रश्नांतूनच नाती तयार होतात. एकूण चार तास धरा. शेवट खेळ स्वतः करत नाही, म्हणून घड्याळ बघून शेवटची पंचवीस मिनिटं एकेका पात्राच्या एकेका छोट्या प्रसंगाला द्या. चार जण उत्तम. सहा जण असले की निम्मे नुसते प्रेक्षक होतात.

आणि चिंचोके भाजून घ्या. कच्चे ठेवले तर पावसाळ्यात कीड लागून भोकं पडतात, आणि वाटीत टोकनांऐवजी पीठ सापडतं.