कास की मसाई? सप्टेंबरातल्या एका दिवसासाठी

पाऊस ओसरताना एखाद्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जायचंय आणि हाताशी दिवस एकच आहे. मग साताऱ्याचं कास गाठावं की पन्हाळ्याजवळचं मसाई? दोन्हीकडे मी तीन-चारदा जाऊन आलोय, त्या भरवशावर लिहितो.

फुलांच्या बाबतीत मसाईची कासशी बरोबरी नाही. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. ते का, हे तिथे गुडघे टेकून बसलं की कळतं. जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती, तीही पाण्यानं तुंबलेली, निकस. म्हणून सीतेची आसवं ही इवलीशी वनस्पती जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून भूक भागवते. तिच्या जांभळ्या पसाऱ्यात गेंदाचे पांढरे ठिपके, कडेला तेरडा, आणि नशिबात असेल तर सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी. फुलं ओळखायला शिकायची असतील, तर पुढचं न वाचता कासचं बुकिंग करा.

माझा निर्णय मात्र शिट्टीनं झाला. कुणीतरी फोटोसाठी ताटव्यात पाय टाकतं आणि राखणदाराला शिट्टी वाजवावी लागते. त्याचं काहीच चुकत नाही. त्या बोटभर मातीवर एक टाच पडली तरी किती रोपं जातात, हे त्याला ठाऊक असतं. मागच्या खेपेला मी मुद्दाम बुधवारी गेलो होतो. समोरच्या गवतातून चंडोल गात वर चढला. शिट्टी. पुन्हा चढला, पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा बामणोलीच्या रस्त्यावरून हॉर्न आला. ते गाणं मला शेवटपर्यंत ऐकू आलंच नाही, आणि घाट उतरताना तेवढंच मनात राहिलं.

मसाईवर ते पुरं ऐकलं. वारा, चरणारी गुरं, मसाई देवीचं देऊळ आणि डोळे पोचतील तिथवर गवत. कड्याच्या पोटात पांडवदऱ्याची लेणी आहेत. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून महाराज विशाळगडाकडे गेले ते याच वाटेनं, त्यामुळे जुलैत पावनखिंडीच्या मोहिमांची इथेही रीघ लागते. तो महिना टाळा. सप्टेंबरात, आडवारी, मी दोन तास चाललो आणि एक गुराखी सोडला तर कुणी भेटलं नाही. तुम्हाला असंच मिळेल, अशी हमी कशी देणार?

उणिवाही आहेत. सावली नाही, धुक्यात वाट चुकते, फुलांचे प्रकार मोजके. घरातल्या वडीलधाऱ्यांना फार चालवत नसेल तर कास सोयीचं, तिथे रस्ता पठारावरूनच जातो. आणि मसाईवर हटकायला कुणी नसल्यानं काही जण गाडी थेट गवतात घालतात. चाकांच्या त्या चरांनी जीव तुटतो. गाडी कडेलाच ठेवा आणि उघड्या कातळावरून किंवा गुरांच्या पायवाटेनं चाला.

पाणी सोबत घ्या, सकाळी सातच्या आत पोचा. धुकं असेल तर ते वर सरकेपर्यंत देवळापाशीच बसा. मी गेलो तेव्हा चंडोल त्यानंतरच गायला लागला होता.