मुळशी खोऱ्याच्या जुन्या नकाशांच्या प्रती: छपाई उत्तम, समास मात्र कापलेला

फोर्टमध्ये जुने नकाशे छापून देणाऱ्या एका दुकानातून मी मुळशी खोऱ्याच्या दोन स्थलदर्शक नकाशांच्या प्रती घेतल्या. एक धरणापूर्वीच्या काळातील, एक इंचास एक मैल या प्रमाणावरचा, तर दुसरा भारतीय सर्वेक्षण विभागाचा अलीकडचा, १:५०,००० प्रमाणावरचा आहे. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांनी मुळा नदीवर धरण बांधले, त्याचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरवले, आणि त्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली मुळशीकरांनी सत्याग्रह केला. जे खोरे त्यांना वाचवायचे होते ते प्रत्यक्षात कसे होते, हे शब्दांपेक्षा जुनी शीट अधिक स्पष्टपणे दाखवते.

नव्या नकाशात जिथे सलग निळा रंग आहे, तिथे जुन्यात तपकिरी समोच्चरेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) तळापर्यंत उतरतात, नदीची वळणे दिसतात, लाल ठिपक्यांची गावे आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा दिसतात. वस्ती उतारावर नव्हे, तर नदीकाठच्या सपाट जमिनीलगत होती, आणि नेमकी तीच जमीन आधी पाण्याखाली जाणार होती, हे दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर लगेच ध्यानात येते. छपाई इतकी नेटकी आहे की दाट समोच्चरेषाही एकमेकींत मिसळत नाहीत. कागदही जाड आहे.

माझी खरी तक्रार समासाबद्दल आहे. भिंतीवर शोभावा म्हणून जुना नकाशा दीडपट मोठा केला आहे आणि कडा कापल्या आहेत. त्यासोबत सूची (चिन्हांचे अर्थ व एकके सांगणारी चौकट), रेषाप्रमाण (अंतर मोजायची आखलेली पट्टी) आणि सर्वेक्षणाचे वर्ष गेले. आता इंचास मैल हे प्रमाण खरे राहिलेले नाही आणि अंतर मोजायला रेषाप्रमाणही उरलेले नाही. वर्षाची उणीव त्याहून गंभीर आहे, कारण प्रकाशनाचे वर्ष आणि सर्वेक्षणाचे वर्ष बहुधा वेगळे असते, आणि धरणानंतर छापलेल्या शीटवरही धरणापूर्वीचे खोरे असू शकते. शिवाय जुन्या नकाशात उंची फुटांत आहे, नव्यात मीटरमध्ये. सूचीशिवाय नवख्या वाचकाची इथे हमखास गफलत होईल.

अभ्यासासाठी घेणाऱ्यांनी समासासह पूर्ण शीट, मूळ आकारात, असे स्पष्ट सांगून मागणी नोंदवावी. दुकान तशी प्रत छापून देते, पण आपण होऊन तसे सुचवत नाही.