जुनी वस्तू भेट द्यायचीय? लक्ष्मीपुरीची पथारी, भांडेवाल्याची मोड की गुजरी

कुणाची वास्तुशांत, कुणाची साठी, कुणी नोकरीतून निवृत्त होतंय. पाकीट द्यायचं नाही, काहीतरी जुनं आणि अस्सल द्यायचं, असं ठरवून कोल्हापुरात बाहेर पडलात तर तीन वाटा आहेत. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात पथाऱ्यांवर हुडकायचं, महाद्वार रोड आणि पापाची तिकटी भागातल्या भांड्यांच्या दुकानांत मोडीत आलेला माल बघायचा, नाहीतर सरळ गुजरी, म्हणजे सराफांची गल्ली, गाठायची. माझं मत आधीच सांगतो. जे हाताने पारखता येतं ते पथारीवर घ्यावं. ज्याला तराजू किंवा कारागीर लागतो ते दुकानातून.

पथारीवरची मजा वेगळीच. पाने, पक्कड, कुलपं, चार्जर यांच्या ढिगात मध्येच एखादा अडकित्ता, पानाचा डबा, कंदील किंवा काजळी धरलेली समई दिसते. सकाळी लवकर जावं, कारण चांगला माल जाणकार आधी उचलतात. खिशात एक छोटा चुंबक ठेवावा. पितळ आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरून नुसतं पाणी दिलंय. तेवढ्यावरही थांबू नका. वस्तू हातात तोला, उलटी करा, बुडाशी घासलेल्या जागी कुठला रंग दिसतो ते बघा. जुन्या अडकित्त्याचं पातं मात्र लोखंडाचंच असणार, तिथं चुंबकाचं ऐकू नये.

भाव तुमच्या तोंडाकडे बघून सांगितला जातो, हे गृहीत धरा. ‘मामा, शेवटचं सांगा’ म्हटलं की ‘तुम्हीच बोला की’ असं उत्तर येतं. आता बोलायचं काय? त्यासाठी आदल्या दिवशी भांड्यांच्या दुकानात पितळेच्या मोडीचा किलोचा दर विचारून ठेवायचा. वस्तूचं वजन गुणिले तो दर, ही झाली खालची रेघ. तिच्या वर जे द्याल ते जुनेपणाचे आणि घडणीचे पैसे. ही रेघ डोक्यात नसेल तर घासाघीस म्हणजे अंधारात काठी मारणं.

पथारीवर माझी पहिली पसंती धान्याच्या मापांना. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. 1958 पासून मेट्रिक मापं लागू होत गेली आणि ही मापं दुकानांतून घरातल्या पिठाच्या डब्यात गेली. अख्खा संच सहसा मिळत नाही, पण चिपटं-मापटं जोडीने मिळालं तरी धान्याच्या पेढीवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्याहून नेमकी भेट सापडणार नाही.

घड्याळं पथारीवर घेऊ नयेत. एचएमटीची चावीची घड्याळं सगळ्यांना हवी असतात. त्या घड्याळ कंपनीचा कारभार बंद करायला सरकारने 2016 मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून तर जास्तच. पण बाजारात फिरणाऱ्या पुष्कळ घड्याळांत यंत्र एकाचं, केस दुसऱ्याचं आणि तबकडी नव्याने रंगवलेली असते. झगमगीत निळी-केशरी तबकडी बघून भुलू नका. पन्नास वर्षांच्या तबकडीवर थोडी झाक उतरलेली असायलाच हवी. घड्याळ द्यायचंच असेल तर जुन्या घड्याळजीकडून, झाकण उघडून दाखवायला लावून घ्या. पितळी कर्ण्याच्या चकचकीत ग्रामोफोनचंही तेच. बहुतेक वेळा कर्णा नवा, पेटी नवी आणि जुनं असलंच तर आतलं यंत्र. शोभेला म्हणून ठीक आहे, जुनं म्हणून पैसे मोजू नका.

भांड्यांच्या दुकानाची वाट मात्र कमी लोकांना सुचते. नवं भांडं घेताना घरातलं जुनं पितळ-तांबं मोडीत द्यायची रीत आपल्याकडे अजून आहे. ही मोड पुढे भट्टीत जाते. तिथं जायच्या आत दुकानदाराला विचारलं तर घंगाळ, गडवा, जाड परात, पंचपाळं असा माल निघतो. तो तराजूवर तोलून मिळतो, म्हणजे फसगतीला जागा कमी. भाव मोडीपेक्षा चढा आणि नव्यापेक्षा बहुधा उतरता पडतो. तोटा एकच, निवड नशिबावर. आज काय आलंय तेच. कार्यक्रमाला महिना असेल तर दुकानदाराला सांगून ठेवा. दोन दिवस उरले असतील तर या वाटेला जाऊ नका.

अशा भांड्यांवर बऱ्याचदा नाव कोरलेलं असतं: कुणा मुलीला मामाकडून, खाली लग्नाची तारीख. छिन्नीने ठोकलेली ती ठिपक्यांची अक्षरं वस्तूच्या वयाचा चांगला पुरावा असतात. पण भेट घेणारा माणूस कसा आहे ते ओळखा. एखादी आत्या त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसेल. दुसरी म्हणेल, ‘दुसऱ्याच्या आहेराचं भांडं मला आणलंस होय?’ शंका असेल तर बिननावाचं घ्या.

गुजरीत खर्च वाढतो, पण चांदीच्या बाबतीत दुसरीकडे जाऊच नये. इंग्रजी अमदानीतले राणी छाप, राजा छाप रुपये पथारीवरही दिसतात आणि त्यांत ओतीव नकली भरपूर. खरा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. 1940 पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा, त्याला चुंबक चिकटतो. सराफ हे सगळं मिनिटात सांगतो. नाणं घासून चमकवून मात्र देऊ नका, संग्राहक ते हातात घेणार नाही.

देवाचे टाक, मुखवटे, जुन्या मूर्ती कुठंही स्वस्तात मिळाल्या तरी सोडून द्या. टाक म्हणजे कुणाच्या तरी घरचे पूर्वज आणि कुलदैवत; ते दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात भेट म्हणून जात नाहीत. शिवाय शंभर वर्षांवरची मूर्ती 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते. तिची नोंदणी लागते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाचीसाठी काही घेत असाल तर हे आधी बघा.

मोबाइलवरून मागवायचं तर फोटोत वजन, खणखणाट आणि बूड यांतलं काहीच कळत नाही. ‘अँटिक फिनिश’ लिहिलेलं असेल तर वस्तू नवी आहे, एवढं समजून घ्या.

पितळेचं भांडं देणार असाल आणि समोरचा त्यात आमटी करणार असेल, तर आधी आतून कल्हई करून घ्या. पितळेत आंबट कळकतं. कल्हईवाले आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, पण कुठं बसतात ते भांड्याच्या दुकानदाराला ठाऊक असतं.