अटलांटिक भाषांचे वर्गीकरण: सापीर यांचे घ्यावे की पोझ्दनियाकोव आणि सेगरर यांचे?

पश्चिम आफ्रिकेच्या भाषांवर टिपण लिहिणाऱ्याला, तुलनात्मक शब्दसूची करणाऱ्याला किंवा व्याख्यानासाठी तक्ता काढणाऱ्याला अटलांटिक भाषांपाशी आल्यावर एक निर्णय घ्यावाच लागतो. वोलोफ, फुला, सेरेर, जोला, तेमने ही नावे वाचकाच्या ओळखीची आहेत असे मी धरून चालतो, त्यामुळे सेनेगलपासून लायबेरियापर्यंतच्या किनारपट्टीचे वर्णन इथे करत नाही. प्रश्न असा आहे की या भाषांची मांडणी भाषाशास्त्रज्ञ जे. डेव्हिड सापीर यांच्या १९७१च्या चौकटीत करावी, की कॉन्स्टँटिन पोझ्दनियाकोव आणि गियोम सेगरर या भाषाशास्त्रज्ञांच्या अलीकडच्या चौकटीत. मी आधी पहिली वापरली आणि नंतर दुसरीकडे आलो. हा बदल का केला ते सांगताना पहिलीवर अन्याय होऊ नये, एवढी काळजी घेतो.

सापीर यांची मांडणी हाताळायला सोपी आहे. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३च्या ग्रंथात ज्या भाषांना ‘पश्चिम अटलांटिक’ म्हणून नायजर-काँगो कुलाची एक शाखा ठरवले, त्यांचीच उत्तर शाखा, दक्षिण शाखा आणि बिजागो अशी तीन भागांत वाटणी सापीर करतात. गिनी-बिसाऊच्या किनाऱ्यासमोरच्या बेटांवरची बिजागो ही एकच भाषा त्यात एका पूर्ण शाखेच्या मानाने बसते. प्रसिद्ध अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सापीर यांचे हे चिरंजीव स्वतः जोला भाषेचे उत्तम अभ्यासक होते. जोलाच्या फोन्यी या बोलीचे त्यांचे व्याकरण १९६५ साली प्रसिद्ध झाले होते, आणि नामवर्ग (लिंगांसारखे नामांचे गट) व आद्य व्यंजनबदल (शब्दाच्या पहिल्या व्यंजनात होणारा बदल) यांची त्यांनी दिलेली नोंद आजही उघडून बसावी अशी आहे. शिवाय जुन्या व्याकरणांत, कोशांच्या प्रस्तावनांत आणि ग्रंथालयांच्या याद्यांत हीच चौकट गृहीत धरलेली असते, हा तिचा व्यवहारातला मोठा फायदा मानावा लागेल.

पोझ्दनियाकोव आणि सेगरर यांच्या मांडणीत ‘अटलांटिक’ हे नाव राहते, पण त्याचा आवाका आक्रसतो. उत्तर आणि बाक असे दोनच गट उरतात. बिजागो बाक गटात जोला, मांजाकू आणि बालांटा यांच्या शेजारी येते, वोलोफला फुला-सेरेरच्या जोडीतून काढून वेगळी जागा मिळते, आणि दक्षिण शाखा अटलांटिकच्या बाहेर पडते. त्या शाखेतल्या तेमने, किस्सी, शेर्ब्रो वगैरे भाषांचा ‘मेल’ हा स्वतंत्र गट मानला जातो. ‘मेल’ची कल्पना अर्थातच नवी नव्हे, डेव्हिड डॅल्बी यांनी १९६५ मध्येच या भाषांची वेगळी मोट बांधून ‘पश्चिम अटलांटिक’च्या एकतेविषयी शंका घेतली होती, म्हणजे सापीर यांचा लेख येण्यापूर्वीच.

आता ज्या एका अडचणीने माझा निर्णय झाला, तिच्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी व्याख्यानांच्या तयारीसाठी मी शंभर मूलभूत शब्द चिठ्ठ्यांवर उतरवू लागलो. एका चिठ्ठीवर एक अर्थ, त्याखाली भाषावार शब्द, आणि जे शब्द एकाच मुळाचे वाटतील त्यांच्यापुढे खूण, अशी साधी पद्धत होती. ‘डोके’ या चिठ्ठीवर जोलाच्या कासा बोलीचा ‘फु-कोव’ आणि बिजागोचा ‘बु’ असे दोन शब्द एकाखाली एक आले. ‘डोळा’ या चिठ्ठीवर जोलाचा ‘जि-चिल’ होता आणि बिजागोचा ‘ने’. दोन्ही ठिकाणी मी विनासंकोच शून्य लिहिले. बिजागो कोणाशीच जुळत नाही हे सापीर यांचे म्हणणे माझ्या हातच्या मोजणीने पडताळले गेले, असे मला त्या वेळी मनापासून वाटले.

पुढे सेगरर यांचे बिजागोवरील विवेचन वाचनात आले आणि त्या दोन्ही चिठ्ठ्या मला खोडाव्या लागल्या. ‘फु-कोव’ आणि ‘बु’, तसेच ‘जि-चिल’ आणि ‘ने’ या जोड्या पूर्णपणे नियमित ध्वनिबदलांनी एकमेकींशी जुळतात, हे त्यांनी दाखवले आहे. बिजागोमध्ये शब्दांची झीज इतकी झाली आहे की नाते डोळ्यांना दिसत नाही. ते नियमांतून शोधावे लागते. सापीर यांची वाटणी मूलभूत शब्दांतल्या साम्याच्या टक्केवारीवर उभी आहे, आणि तीत शाखाशाखांमधले आकडे अनेकदा दहाच्याही आत राहतात. एवढ्या खालच्या पातळीवर चार-पाच शब्दांची ओळख पटली किंवा हुकली तर एखादी भाषा शाखेच्या आत येते किंवा बाहेर जाते. आणि तक्त्यातला आकडा पाहून, तो नेमका कोणत्या शब्दांवरून आला आणि कोणता शब्द हुकला, हे उलट मागे जाऊन तपासता येत नाही. माझ्या चिठ्ठीवरची चूक मी खोडू शकलो, कारण चिठ्ठीवर शब्द होते. टक्केवारीच्या चौकटीत असे खोडण्याजोगे काही नसते, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली.

मराठी वाचकाला ही अडचण घरच्या उदाहरणाने चटकन कळेल. ‘बदनाम’ आणि ‘बदफैली’ यांतला फारसीतून आलेला ‘बद’ इंग्रजी ‘बॅड’सारखा ऐकू येतो आणि अर्थही तोच आहे, तरी दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही. उलट आपले ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ कानाला अगदी परके वाटतात, पण दोन्ही एकाच मूळ शब्दाची वंशज आहेत. केवळ ऐकून खुणा करणारा माणूस पहिल्या जोडीला एक गुण देईल आणि दुसरीला शून्य. संस्कृत, लॅटिन, जुनी गॉथिक यांचे पुरावे हाताशी असल्यामुळे आपण या चुकीतून वाचतो. बिजागोच्या अभ्यासकापाशी असे जुने लिखित पुरावे नाहीत, म्हणून ध्वनिनियमांवाचून त्याला दुसरा आधारच नसतो.

दुसरा मुद्दा नामवर्गांचा आहे, आणि माझ्या मते तो शाखेच्या एकतेला अधिक खोलवर लागतो. जर्मन मिशनरी सिग्स्मुंड कोएल्ले यांनी सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनमध्ये मुक्त झालेल्या गुलामांकडून शब्द गोळा करून १८५४ साली आपला संग्रह छापला, तेव्हापासून शब्दाच्या आरंभी होणारा बदल ही या भाषांची ओळख मानली गेली. फुलामध्ये ‘गोर्को’ म्हणजे पुरुष आणि ‘वोर्बे’ म्हणजे पुरुष, अनेकवचनी. सेरेरमध्ये एकवचनी ‘कोर’चे अनेकवचन ‘गोर’ होते. वोलोफमध्ये मात्र ‘गोर’ तसाच राहतो आणि मागून येणारे दर्शक रूप बदलते: ‘गोर गि’, ‘गोर ञि’. पाहायला हे विलक्षण सुंदर आहे. परंतु नामवर्ग ही बांटू भाषांसह नायजर-काँगोच्या मोठ्या भागाला मिळालेली सामायिक ठेव आहे, आणि ठेव जपली म्हणून दोन भाषा सख्ख्या ठरत नाहीत. मराठी आणि गुजराती या दोघींनी नपुंसकलिंग राखले, हिंदीने ते टाकले. तेवढ्यावरून मराठी-गुजरातीची वेगळी शाखा कोणी कल्पिणार नाही. शाखा सिद्ध करायला सर्वांनी मिळून केलेला नवा बदल दाखवावा लागतो. व्यंजनबदल हा तसा बदल असेल असे पूर्वी वाटत असे, पण जॉन मेरिल यांच्या २०१८च्या प्रबंधानंतर तो निरनिराळ्या गटांत स्वतंत्रपणे, जुन्या उपसर्गांच्या झिजेतून उद्भवला असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

नव्या चौकटीतही अडचणी आहेत आणि त्या झाकून ठेवणे योग्य होणार नाही. सिएरा लिओनची लिंबा, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधली गोला, गिनी-बिसाऊची सुआ या भाषांना सापीर यांच्याकडे निदान घर होते. इथे त्या एकेकट्या उभ्या राहतात, आणि विद्यार्थ्यांना तक्ता समजावताना ही विखुरलेली टोके नीट सांभाळावी लागतात. उत्तर आणि बाक यांना एकत्र बांधणारा पुरावासुद्धा, माझ्या अल्प समजुतीप्रमाणे, बाक गटाच्या अंतर्गत पुराव्याइतका घट्ट नाही. तरीही या मांडणीत प्रत्येक दाव्यामागचे शब्द गाठता येतात. सेगरर यांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या रेफ्लेक्स या आफ्रिकी शब्दसंग्रहात एखादा शब्द कोणत्या स्रोतातून आला तेथपर्यंत जाता येते, आणि एखादी जोडी पटली नाही तर तेवढीच जोडी नाकारता येते. मेल, लिंबा आणि गोला यांना वेगवेगळे ठेवण्याचा मार्ग ग्लॉटोलॉग या जगातल्या भाषांच्या ऑनलाइन सूचीनेही पत्करला आहे, त्यामुळे या वाटेवर आपण एकटे पडत नाही.

ज्यांचे काम जुन्या ग्रंथांची सूची करण्याचे आहे, किंवा ज्यांना एका व्याख्यानात किनारपट्टीचा सगळा प्रदेश ओळखीचा करून द्यायचा आहे, त्यांनी सापीर यांची चौकट निःसंकोच घ्यावी. ‘शाखा’ऐवजी ‘विभाग’ हा शब्द वापरला तर पुष्कळसा गोंधळही टळेल. शब्दांची तुलना करायची असेल, नाते आणि उसनवारी यांत फरक करायचा असेल, तर मात्र दुसऱ्या चौकटीत सुरुवात करावी असे मी सुचवीन. मी स्वतः चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात नवा गट लिहितो आणि सापीर यांची शाखा खाली पेन्सिलीने नोंदवतो, म्हणजे जुना संदर्भ शोधताना अडत नाही. लिंबा आणि गोला यांच्या चिठ्ठ्यांवर वरचा कोपरा तूर्त मी कोराच ठेवला आहे.